"शहरात टोळी शिरली आहे" या मेसेजमधलं एकेक कलम बघूया

परत आला तोच मेसेज. "सावधान!! शहरात टोळी शिरली आहे" आणि खाली पाच कलमं. रात्री दाराशी बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर दार उघडू नका, भंगारवाले-साधू-भिक्षेकरी दिसले की धरून ठेवा, खिडक्यांना फिक्स ग्रिल आणि गच्चीला कायम कुलूप, कॅमेरा बसवला की निर्धास्त, आणि पोलिसांना फोन करून काही होत नाही त्यापेक्षा ग्रुपवर टाका. शेवटी "एका आयपीएस अधिकाऱ्याचा संदेश", पण नाव नाही, पोलीस ठाणं नाही, तारीख नाही. लोक काळजीपोटीच पाठवतात, मान्य. पण यातली दोन कलमं अशी आहेत की खरंच पाळली तर कोणाचातरी जीव जाईल, म्हणून लिहायला बसलो.

बाळाचं रडणं आधी घेऊ. हा किस्सा 2003 साली अमेरिकेत, लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात फिरत होता. तिथे तेव्हा एक सीरियल किलर मोकाट होता आणि तो म्हणे रडण्याची टेप लावून बायकांना घराबाहेर काढतो. तेव्हाही ती अफवाच होती. आपल्याकडचे चोर इतकी मेहनत घेतच नाहीत हो. घरफोडीची कुठलीही बातमी काढा, "बंद फ्लॅटचा कडीकोयंडा उचकटून", वर्षानुवर्षं तेच वाक्य. घर बंद आहे हे त्यांना कळतं कसं, तर दारात साठलेले पेपर, संध्याकाळी दिवा नाही, आणि आपणच स्टेटसला टाकलेले महाबळेश्वरचे फोटो. आता उठून स्वतःच्या दाराचा कोयंडा बघा. बहुतेक घरी अर्ध्या इंचाचे चार स्क्रू, त्यातला एक कधीचाच ढिला, कटावणी घातली की लाकडाच्या कपच्यांसकट हातात येतो. दाराच्या आत बसणारं मॉर्टाइज लॉक घ्या आणि सुताराला सांगून चौकटीकडच्या पट्टीला दोन-अडीच इंची स्क्रू मारून घ्या. बाहेर लोंबणारं मोठं कुलूप म्हणजे "घरी कोणी नाही" अशी पाटीच. गावाला जाताना समोरच्या काकूंना पेपर उचलायला सांगा, दूध बंद करा, फोटो आल्यावर टाका, काही बिघडत नाही.

आता "धरून ठेवा". इथे मला खरंच राग येतो. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडे बाजाराच्या दिवशी तिथे आले होते, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना जीवे मारलं. मग 16 एप्रिल 2020, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले, लॉकडाऊन चालू, चोर फिरतात अशी अफवा, आणि दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असे तिघे जमावाच्या मारहाणीत गेले. या आठ जणांत ना कोणी चोर होतं ना मुलं पळवणारं. दोन्हीकडे आधी असेच मेसेज फिरले होते.

कायद्याचं म्हणाल तर सामान्य माणसालाही अटक करता येते, पण कधी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 वाचा. तुमच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही असा, गुन्हा घडला पाहिजे (किंवा तो फरारी घोषित झालेला गुन्हेगार पाहिजे), आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. नुसता संशय चालत नाही, मारहाण तर नाहीच नाही. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्यापासून बचाव करायचा हक्क वेगळा, तो कायद्याने दिलेलाच आहे, पण खांद्यावर पोतं घेऊन गल्लीतून जाणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही. वासुदेव, नंदीवाले, डवरी गोसावी दारावर यायचे ते आपल्या आजीला माहीत होते, आपल्याला माहीत नाहीत म्हणून ते टोळी झाले का?

फिक्स ग्रिल आणि गच्चीला कुलूप, हे दुसरं जीवघेणं कलम. 6 ऑक्टोबर 2023 ला पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत खाली पार्किंगमध्ये आग लागली, धूर वर चढला आणि सात जण गेले. आगीत बऱ्याचदा ज्वाळा पोचायच्या आधी धूरच माणसाला मारतो, आणि जिना धुराने भरला की खिडकी हीच काय ती जागा उरते, तीच तुम्ही वेल्डिंग करून बंद केलेली. ग्रिल लावा, पण एका खिडकीत बिजागरीचा भाग ठेवा, त्याची किल्ली आतल्या भिंतीला खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या पोरालाही सापडेल अशी. गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूने नुसती कडी पुरते. शेजारच्या गच्चीवरून चोर आला तर त्याला ती उघडता येत नाही, आपल्याला येते. जिन्यात आधीच धूर असेल तर मात्र वर पळू नका, दार लावून फटीत ओली चादर कोंबा आणि खिडकीशी थांबा. लिफ्ट अजिबात नको.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. तो चोरी दाखवतो, थांबवत नाही. आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठतं तो डबा, वॉचमनच्या टेबलावर उघडा ठेवलात तर चोर जाताना तोही उचलतो.

राहिलं फोनचं. रात्री अडीचला ग्रुप म्यूट असतो सगळ्यांचा, मग सकाळी तीस जण हात जोडलेले इमोजी टाकतात. 112 लावा, पोलीस, फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्स सगळ्यासाठी तो एकच नंबर. बिल्डिंगचं नाव, विंग, मजला आणि जवळची खूण सांगा, मग खाली गेट उघडायला माणूस पाठवा. सिलेंडरचा गॅस लीक होत असेल तर 1906, आणि त्या वेळी दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. ग्रुपवर त्यानंतर टाका हवं तर.

आणि तुमच्या जिन्यात सायकलींच्या मागे लटकणारा तो आग विझवायचा लाल सिलेंडर आहे ना, त्याच्या डायलचा काटा हिरव्यात आहे का लालमध्ये ते आज उतरताना बघा, लालमध्ये असेल तर रविवारच्या मीटिंगला पहिला विषय तो घ्या, पार्किंगचं भांडण नंतर.