एसीतली नोकरी आणि आगळाची बाटली

चुलत दादाने गावच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुम्हालाही आला असेल. मला तो तीन ठिकाणांहून आला. मजकूर साधारण असा: 'कोकणात आता मोठी डिपार्टमेंटल स्टोअर्स झाली. एसीत उभं राहायचं, बारकोड मारायचा, महिना भरला की पगार. डोकं लागत नाही, वर माल स्वस्तात. तरी आपल्या पोरांना ते जमत नाही, गणपती आले की काम टाकून घरी पळतात.' दादा डोंबिवलीला असतो. मी कणकवलीत अशाच एका दुकानात चार वर्षं काढली, दोन रॅकवर आणि दोन काउंटरवर. दुकानाचं नाव इथे नको.

एसी आहे, पण तो गिऱ्हाइकासाठी. माल उतरतो मागे, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. मे महिन्यात तिथे तेलाचे डबे लावून बाहेर आलं की एसीचा गारवा अंगावर काटा आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सर्दी. 'उभं राहायचं' हे दादाने सहज लिहिलंय. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ उभं राहायचं, मध्ये जेवणाचा अर्धा तास. काउंटरमागे एक स्टूल होतं, तेही 'बरं दिसत नाही' म्हणून काढून नेलं. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी याच गोष्टीसाठी भांडण मांडलं होतं. तिथे २०१८ मध्ये आणि तमिळनाडूत २०२१ मध्ये बसायची सोय द्यायलाच हवी असं कायद्यात आलं. माझ्या टाचा अजून दुखतात.

डोकं लागत नाही, हे मात्र मला झोंबलं. पदवी लागत नाही, कबूल. पण मुंबईहून आलेली बाई 'कोकम सरबत' म्हणून आगळाची बाटली उचलते. आगळ म्हणजे कोकमाचा रस, सोलकढीसाठीचा, त्यात मीठ असतं. तिला तिथेच सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी उघडलेली बाटली परत येते आणि 'गो बाय, ह्या सरबत खारट कित्याक?' हा प्रश्न मालकाच्या नाही, आमच्या तोंडावर येतो. पेजेला उकडा, मोदकाच्या पिठीला वासाचा तांदूळ, बांगड्याच्या तिखल्याला तिरफळं, हे बारकोड सांगत नाही. पाऊस सुरू झाला की रव्यात टोके, म्हणजे किडे, होतात, पापड मऊ पडतात, मीठ पाझरतं. जुना माल पुढे, नवा मागे, हे रोज हाताने फिरवावं लागतं. एकदा माझ्याकडून शेवयांची रांग फिरवायची राहिली आणि तारीख उलटलेली दोन पाकिटं गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेली. त्या दिवशी ऐकून घेतलेलं अजून पाठ आहे.

स्वस्त मालाबद्दल फार लिहीत नाही. सवलत होती, पाच टक्के. रात्री गल्ला शॉर्ट आला की पगारातून कापायचे ते त्याहून जास्त व्हायचं.

आता पळून जाण्याचं. पोरं सोडतात, हे खरं. माझ्याबरोबर लागलेल्या सहांपैकी वर्षअखेर आम्ही दोघीच उरलो. पण दुकानाचे सगळ्यात गर्दीचे दिवस कुठले? चतुर्थीच्या आधीचे दहा-बारा. रेल्वेने, एसटीने, स्वतःच्या गाड्यांनी चाकरमानी उतरतात आणि माळा, कापूर, गूळ, पिठी, सगळं एकदम हवं असतं. म्हणजे तुमच्या घरी माटवी, गणपतीच्या डोक्यावरची ती सजवलेली चौकट, बांधली जावी म्हणून आमच्या घरची माटवी शेजाऱ्यांनी बांधायची. त्या दिवसांत आठवड्याची सुट्टी बंद. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी आहे, जादा वेळेला दुप्पट दर आहे. आम्हाला वडापाव मिळायचा. वडापाव चांगला असायचा, खोटं कशाला बोलू.

आणि घरी जायचं कसं? आमच्या गावची वस्तीची गाडी, म्हणजे गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी, साडेसातला सुटायची, शटर पडायचं त्यानंतर. एरवी शेजारच्या वाडीतला एक रिक्षावाला येता येता सोडायचा, पण गणपतीत त्याला मुंबईकरांची भाडी. सहातल्या दोघांनी नोकरी सोडली ती फक्त गाडीपायी. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा पावसाळ्यात रात्री दहाला कणकवली डेपोवर उभं राहून बघावं.

शेवटच्या वर्षी हरतालिकेच्या रात्री मी साडेअकराला घरी पोचले. आईने पानावरचं झाकण काढलं, 'इलंस?' एवढंच विचारलं. दादा डोंबिवलीहून दुपारीच आला होता. माटवीखाली शिडीवर उभा राहून लाइटची माळ लावत होता. माळ आमच्याच दुकानातली, पिशवीवरून ओळखली. मला बघून तो खाली उतरला.

'अर्धी पेटत नाही गो,' तो म्हणाला. 'बिल फेकलं मी. उद्या जाशील तेव्हा बदलून आण.'