थेंब, कवटी आणि शिप्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वय एकाहत्तर असल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणतेय. अमृताचे थेंब चार ठिकाणी सांडले म्हणून तिथे कुंभमेळा भरतो, ही जोड जुन्या ग्रंथांत नाही, मागाहून लागली, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग बाजूला ठेवला तर त्यातून तीन मुद्दे निघतात. अमृताचे चार थेंब भागवतात आहेत आणि मी न वाचताच लिहिलं. आज्यांनी सांगितलेलं मी खोटं ठरवलं. आणि उज्जैनचा २०२८चा कुंभमेळा, म्हणजे आपलं सिंहस्थ, तोंडावर असताना हा उद्योग कशाला?

आधी माझी चूक कबूल करते. 'अमृत पृथ्वीला टेकल्याचा जुना उल्लेखच नाही' हे माझं वाक्य चुकलं. महाभारताच्या आदिपर्वात आहे. आई विनतेला सापांची आई कद्रू हिच्या दास्यातून सोडवायला गरुड अमृत आणतो आणि सापांसमोर दर्भावर ठेवतो. साप आंघोळीला जातात, तेवढ्यात इंद्र ते घेऊन पसार! परत आलेले साप दर्भच चाटत बसतात, जिभा चिरतात, आणि अमृताच्या स्पर्शाने दर्भ पवित्र होतो. श्राद्धाला भटजी बोटात दर्भाचं पवित्रक घालायला लावतात, तेव्हा हे मला आठवायला हवं होतं. पण बघा, अमृत टेकलं ते गवताला. नदीचं नाव तिथेही नाही.

आता भागवत. आठव्या स्कंधातले आठवा आणि नववा अध्याय काल रात्री पुन्हा काढले. धन्वंतरी कलश घेऊन वर येतात, असुर तो हिसकावतात, मोहिनी पंगत बसवते, राहूचं डोकं उडतं. कलश घेऊन बारा दिवस पळणारा इंद्राचा मुलगा जयंत, चार ठिकाणी सांडलेले थेंब, यातलं तिथे काही नाही. विष्णुपुराणातल्या मंथनातही नाही. ही जोड मागाहून लागली, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

शंका असेल तर नावांकडेच बघा. गुरू कुंभ राशीत असताना मेळा भरतो तो फक्त हरिद्वारला. प्रयागला गुरू वृषभेत असतो. नाशिक-त्र्यंबक आणि आपलं उज्जैन, दोन्हीकडे गुरू सिंहेत, म्हणून सिंहस्थ. आपल्याकडे सूर्य मेषेत, वैशाखात. नाशिकला सूर्यही सिंहेत. म्हणजे 'कुंभ' आला राशीवरून, घडा त्याला नंतर चिकटला असावा. देवांचे बारा दिवस म्हणजे आपली बारा वर्षं हा हिशेब कथेत गोड वाटतो, पण गुरूला फेरीला बारा वर्षांहून थोडं कमीच लागतं. म्हणून तर हरिद्वारचा मेळा २०१० नंतर २०२१ला, अकराव्याच वर्षी भरला.

इतिहासात फार शिरत नाही. राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या साधूंना उज्जैनला बोलावलं आणि इथला मेळा त्यातून वाढला असं सांगतात. त्यांचेच दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. म्हणजे आपल्या मराठी मंडळींचा हात त्यात आहेच, अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण तुमच्या आज्यांच्या मुद्द्यावर मात्र थांबते. १९८०च्या सिंहस्थात मी नऊ वर्षांची होते. इंदूरहून एसटी... (बघा, इथे जन्म काढला तरी तोंडात एसटीच येते!) बसने उज्जैन. रामघाटावर आजी नऊवारीचा ओचा पिळत होती आणि मी विचारलं, ही नदी कुठून आली? ती म्हणाली, 'शंकर ब्रह्मदेवाची कवटी घेऊन भिक्षा मागत विष्णूकडे गेला. विष्णूने अंगठा दाखवला. शंकराने चिडून त्यावर त्रिशूळ मारला, कवटी रक्ताने भरली, भरून वाहिली, ती ही शिप्रा.' मी पाण्यातून पाय काढून घेतला, हे अजून आठवतं.

पुढे स्कंदपुराणाचं अवंतीखंड वाचलं तेव्हा कळलं की अंगठा नव्हे, तर्जनी. बाकी गोष्ट हीच. आजी शाळेत गेलेली नव्हती, थेंबांचा तिने कधी उल्लेख केला नाही. तेव्हा मी आज्यांना खोटं ठरवत नाहीये, काका. माझ्या आजीची गोष्ट त्या चार थेंबांनी पुसून टाकली, ही माझी तक्रार आहे. हल्ली सिंहस्थाच्या प्रत्येक फलकावर कलश असतो. कवटी कुठे दिसली तर सांगा.

राहिला उद्देश. शिप्रा उगम पावते ती आपल्या इंदूरजवळच, उज्जैनी गावापाशी. आणि इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून जी काळी कान्ह नदी वाहते, ती खाली जाऊन शिप्रेलाच मिळते. २०१६ला तिचं पाणी घाटांना वळसा घालून पुढे सोडायला पाइप टाकावे लागले, आणि आपण बुडी मारली ती बरीचशी पंपाने चढवून आणलेल्या नर्मदेत. वरून अमृत पडलंय म्हटलं की नदीचं स्वतःचं पाणी कुठून येतं हे कुणी विचारत नाही. इथले लोक म्हणतात तसं, 'भिया, डुबकी तो लग गई.'

अवंतीखंडाची जुनी पोथी तुमच्या घरी आहे असं लिहिलंय तुम्ही. शिप्रेचा अध्याय तेवढा काढून बघा. आणि तुमच्या आजी थेंबांची गोष्ट सांगायच्या तेव्हा कलश कुणाच्या हातात असायचा, जयंताच्या की गरुडाच्या? ते जरूर कळवा.