काय खाल्लं म्हणून झालं?

आमच्या डिचोलीच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. ह्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तो कशामुळे. मोठ्या दिरांच्या मते तिकडचं, म्हणजे इंग्लंडचं, बेकन-सॉसेज (हे जन्मात बेकनला शिवले नाहीत, आणि म्हापशाच्या बाजारात माळा करून लटकतात ती चोरिसं, आपली गोव्याची सॉसेजं, ती काय मग औषध?). जाऊबाई म्हणतात 2018 च्या जुलैत मासेमारी बंद असताना बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलीन, ते टिकवायचं रसायन, सापडलं, तेव्हा तुम्ही नेमके सुट्टीला घरी होतात आणि भावोजींनी रोज बांगडे हाणले. एका आतेभावाने तर कमालच केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलात ना, मग तिकडची थंडी बाधणारच! थंडीने कॅन्सर.

इथे स्विंडनमध्ये असलं कोणी विचारत नाही. नर्स विचारते बोटांना मुंग्या येतात का, शर्टाची बटणं लागतात का, जुलाब किती. बस. केमो म्हणजे ऑक्सॅलिप्लॅटिनची ड्रिप, मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ 14 दिवस, मग 7 दिवस सुट्टी, असे आठ फेरे, सध्या पाचवा चालू आहे. ड्रिपनंतर काही दिवस थंड अजिबात चालत नाही, फ्रीजमधून दूध काढायला हातमोजे, नळाचं पाणी प्यायले तरी घशात काटे. पेज म्हणजे म्हाताऱ्यांचं खाणं म्हणणारा माणूस आता सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज मागतो, तीही कोमट.

एकदा रात्री दोनला ताप 37.8. केमोवाल्यांना देतात त्या कार्डावरच्या नंबरला फोन केला, या म्हणाले, गेल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू, पैशाचा विषयही नाही. हे मी ग्रुपवर मुद्दाम लिहिलं, टोमणा कळेल इतपत. जाऊबाईंनी एवढंच विचारलं, रात्री तुझ्यासोबत कोण होतं गं? मी फोन उलटा ठेवला. तीन घरं सोडून आपल्या साखळी गावचीच बाई राहते, तिलाही अजून सांगितलेलं नाही, गावभर होईल म्हणून.

आणि ते आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट. इथे 50 ते 74 वयाच्या माणसाला दर दोन वर्षांनी पोस्टाने घरी येतं, काडी शौचाला लावायची, बाटलीत बंद करायची, परत पोस्टात टाकायची, तिकीटही लागत नाही. ग्रुपवर मी ह्याचं कौतुक तीनदा केलंय, गोव्यात आहे का असलं काही म्हणून. ह्यांचं किट 2024 मध्ये आलं होतं. बाथरूमच्या ड्रॉवरमध्ये टूथपेस्टच्या खोक्यांखाली पडून होतं, शनिवारी साफसफाई करताना मला दिसायचं, मी शी म्हणून बाजूला सरकवायचे. आठवणीचं पत्र आलं ते पण मीच रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. ऑपरेशन झालं गेल्या सप्टेंबरात, तोवर कॅन्सर आजूबाजूच्या लसिका गाठींपर्यंत पोचलेला.

हे ग्रुपवर कसं लिहू?

काल जाऊबाईंनी विचारलं, पेजेबरोबर तोरांचं, कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं देतेस ना, कोण तिकडे येतंय का बघते, पाठवते. म्हटलं आत्ता नको, तोंड आलंय त्यांना. तेवढ्यात दिरांनी परत ती फॉर्मेलीनची जुनी बातमी टाकली.

ह्यावेळी मी त्याला अंगठा दिला.