तो पेशंट अजून किती वेळा मरणार?

सकाळी फोन हातात घेतला आणि डोकंच फिरलं. इंग्रजी शिकवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यात कुणीतरी आपल्याच विद्यार्थ्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकला होता: ‘सर, आय हॅड केम टू मीट यू येस्टरडे बट यू वॉज नॉट देअर.’ त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग. मी मोजली. तेवीस. एकाने लिहिलं, ‘हॅड केम! आता इंग्रजांनाच आपल्याकडे क्लास लावावा लागणार.’ त्यावर दुसरा गंभीरपणे म्हणतो, ‘वुई मस्ट डिस्कस अबाउट सच मिस्टेक्स.’ डिस्कसच्या मागोमाग अबाउट, जो इंग्रजीत तिथे लागतच नाही! त्याला मात्र कुणी हसलं नाही. तो मास्तर ना.

मेसेज लिहिणारा मुलगा काय म्हणतोय हे त्या तेवीस जणांतल्या एकाला तरी कळलं नसेल का? सरांना भेटायला गेला, सर नव्हते. संपलं. सरांनी बिचाऱ्याला एवढंही विचारलं नाही की बाबा रे, काय काम होतं. सरळ स्क्रीनशॉट.

आणि आपण मराठी बोलणारे लोक आहोत, तो ‘हॅड’ कुठून आला हे आपल्याला कळायला नको? ‘मी आलो’ म्हटलं तर माणूस अजून दारात उभा आहे. ‘मी काल आलो होतो’ म्हटलं की येऊन, थांबून, परत गेला. हे परत जाणं आपण त्या ‘होतो’मध्ये ठेवतो. मुलाने ते इमानाने इंग्रजीत नेलं. इंग्रजीला ते नको असतं. तिथे काल घडून गेलेल्या गोष्टीला साधं ‘केम’ पुरतं. ‘हॅड कम’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधीचं काही सांगायचंय. म्हणजे मुलाचं डोकं व्यवस्थित चालतंय, फक्त मराठीच्या रुळांवरून चालतंय. भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर १९६७ सालीच सांगून गेले की बोलण्याच्या ओघात जीभ घसरणं वेगळं आणि शिकणाऱ्याने मनाशी बांधलेला नियम चुकीचा असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारातून तो शिकतोय कसा, हे आपल्याला दिसतं. आम्ही त्यावर पिवळी तोंडं चिकटवतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं. कारण मला सिस्टर आठवल्या.

मी शिकवायला लागले ती पहिली एक-दोन वर्षं. संध्याकाळची मोठ्या माणसांची बॅच. त्यात एक नर्स होत्या, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, मीही. त्या दिवशी मी पास्ट परफेक्ट, म्हणजे हाच ‘हॅड’वाला काळ, शिकवत होते आणि फळ्यावर अर्थातच ते वाक्य होतं. तुम्हाला पाठ असेल. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ आपल्या सगळ्यांच्या वहीत हा पेशंट मेलाय. आपल्या आईवडिलांच्या वहीतही मेला असेल. डॉक्टरांना एकदाही वेळेवर पोचता आलेलं नाही.

सिस्टरांनी हात वर केला. “मॅडम, हे वाक्य मी कुणाला सांगायचं?”

मी म्हटलं, कुणालाही.

“नाही, पण आमच्यात असं कुणी सांगत नाही. पेशंट गेला की वेळ सांगतात. आणि डॉक्टर यायच्या आधी गेला, असं मीच सांगितलं तर पहिला प्रश्न मलाच येणार, तुम्ही काय करत होतात?”

वर्ग हसला. मला राग आला. आज कबूल करते, खूप राग आला. मी म्हटलं, “सिस्टर, आधी नियम पाठ करा. वाक्य कुठे वापरायचं ते नंतर बघू.” त्यांनी मान डोलावली आणि गप्प खाली बघून वहीत लिहिलं. शुक्रवारी पंधरा रिकाम्या जागांची चाचणी घेतली, त्यांना पंधरापैकी पंधरा. मी खूश.

दोन दिवसांनी मी गंमत म्हणून प्रत्येकाला आपापल्या कामातलं दोन मिनिटं बोलायला लावलं. सिस्टर उभ्या राहिल्या. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देतात ना, तो देऊ लागल्या. ‘बेड नंबर सिक्स. आय हॅड गिव्हन इंजेक्शन.’ आणि थांबल्या. शेजारच्या बाकावरचा एक मुलगा, अगदी निरागसपणे, म्हणाला, “बिफोर व्हॉट?”

कशाच्या आधी?

बरोबरच होतं त्याचं. ‘हॅड’ ऐकल्यावर तो पुढच्या भागाची वाट बघत बसला होता. पुढे काही नव्हतंच. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरापैकी पंधरा मिळवलेली बाई, आणि रोज आठ तास जे काम करते त्यातलं एक वाक्य तिला मी दिलं नव्हतं. मी तिला मेलेला पेशंट दिला होता.

व्याकरणाचा सराव म्हणून आपण जे करतो, त्यातलं बरंचसं असंच असतं, हे माझं ठाम मत आहे. रिकामी जागा, कंसात क्रियापद, शेजारी ‘ऑलरेडी’ नाहीतर ‘येस्टरडे’चा इशारा. ‘ऑलरेडी’ दिसला की हॅव, ‘येस्टरडे’ दिसला की दुसरं रूप. वाक्य वाचायचीही गरज नाही. माणूस इशारे ओळखण्यात तरबेज होतो. बोलताना मात्र समोर इशारा नसतो, तिथे काय सांगायचंय ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. परीक्षेला रिकाम्या जागाच येतात, हे मान्य. मीही देते. देते म्हणून मला त्या आवडतात असं नाही.

आणि हो, दुसऱ्या टोकाच्या लोकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. ‘ग्रामर विसरा, बिनधास्त बोला!’ असं रीलमधून ओरडणारे तुम्ही. बोलायची भीती तुमच्यामुळे काहींची जाते, जाऊ दे, ते चांगलंच. पण वॉर्डातल्या बाईला बिनधास्त बोलून कसं चालेल? गोळी दिली की द्यायचीय, हे ग्रामरच तर सांगतं.

तर सिस्टर. त्या आठवड्यात मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हटलं, तुमचा हँडओव्हर मला आधी मराठीत द्या. त्यांनी तो धडाधड दिला. ‘सहा नंबरला गोळी दिलीय. दहाला दिली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून आधी थोडं खायला दिलं.’ तीन वाक्यांत तीन काळ! आणि तो छळणारा पास्ट परफेक्टही त्यातच होता, अगदी जिवंत. ‘ही हॅडन्ट ईटन, सो आय गेव्ह हिम समथिंग फर्स्ट.’ कशाच्या आधी, ते विचारायची कुणाला गरजच नाही.

मग त्यांनी विचारलं, “‘आय हॅव गिव्हन इट ॲट टेन’ का नाही चालत? आपण ‘दहाला दिलीय’ म्हणतो की.”

म्हणतो. मराठीला चालतं. इंग्रजीत मात्र घड्याळातली वेळ आणि ‘हॅव गिव्हन’ एका वाक्यात नांदत नाहीत. मी सांगितलं, ‘आय हॅव गिव्हन इट’ हे ‘दिली का?’चं उत्तर, आणि ‘आय गेव्ह इट ॲट टेन’ हे ‘कधी दिली?’चं. सिस्टर क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे पहिलं वाक्य दुसऱ्यांदा गोळी जाऊ नये म्हणून, आणि दुसरं पुढच्या गोळीची वेळ ठरवायला.”

प्रेझेंट परफेक्ट इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं. मी शिक्षिका, आणि मीच वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर आम्ही तोच हँडओव्हर तीन वेगवेगळ्या माणसांना द्यायचो. पहिल्याला चार मिनिटं, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ऐकणारा बदलतो, म्हणून सांगणाऱ्याला कंटाळा येत नाही, आणि वेळ कमी होत जातो, म्हणून वाक्यं आपोआप घट्ट होतात. दुरुस्ती फक्त दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, तीही एकच. ‘शी वर्क्स’मधला ‘स’ त्या शेवटपर्यंत विसरायच्या. मी सोडून दिलं. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी घरातच ऐकत वाढणाऱ्या तीन मुलांचं बोलणं टिपून, व्याकरणातलं काय आधी येतं आणि काय नंतर, याचा १९७३ साली क्रम लावला, त्यातल्या १४ गोष्टींत हा ‘स’ दहावा आहे. त्या पोरांना जो इतक्या उशिरा येतो, तो आपण पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि दुसऱ्या आठवड्यात ओरडायला लागतो.

मघाशी ‘एकच दुरुस्ती’ म्हटलं, ते सुरुवातीला मला अजिबात जमायचं नाही. जीभ शिवशिवते. समोरच्याने ‘ही टोल्ड टू मी’सारखं काही म्हटलं की आपण लगेच नीट करून म्हणतो, तो ‘यस यस’ करतो आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तेच. आपण दुरुस्त केलं म्हणून समाधानी, त्याला वाटतं आपण दुजोरा दिला. आता मी फक्त विचारते, ‘कधी?’ किंवा ‘कशाच्या आधी?’ तो आपला आपण परत फिरतो. नेहमी फिरतोच असं नाही. आज एकजण ‘कधी?’ विचारल्यावर घाबरून वाक्यच बदलून बसला.

हे लिहिता लिहिता सकाळचा राग बराच उतरलाय. त्या तेवीस जणांतले निम्मे माझ्यासारखेच असतील, मेलेल्या पेशंटवर वाढलेले. मीही एका बाईला भर वर्गात गप्प केलंय, फक्त तेव्हा स्क्रीनशॉट नव्हते.

सिस्टर आता निवृत्त झाल्या. अधूनमधून मेसेज येतो, अजूनही हट्टाने इंग्रजीत. गेल्या रविवारचा हा: ‘मॅडम, आय हॅड कम टू युवर हाउस इन मॉर्निंग. डोअर वॉज लॉक.’

मी दुरुस्त केलं नाही. फोन लावला आणि आधी माफी मागितली, की मी बाहेर गेले होते.