खुलासा: ‘या वेळी जॅकपॉट फुटणारच’ हा मेसेज चुकीचा आहे

आपल्या हर्णैच्या ग्रुपवर फिरतंय: ‘अमेरिकेच्या पॉवरबॉल लॉटरीचा जॅकपॉट बरेच दिवस साचलाय, आता फुटणारच, हमी आहे. वर्गणी काढून तिकीट घेऊ.’ परवा मीच तो पुढे पाठवला होता. चूक झाली, माफ करा. काल जेटीवर लिलाव आटपल्यावर एक मावशी रुमालातले दोनशे रुपये सोडत विचारत होती, “वर्गणी कुणाकडे द्यायची?” तेव्हा पोटात गोळा आला.

जॅकपॉट कुणालाच लागला नाही की रक्कम पुढच्या सोडतीत जाते. वाढते ती रक्कम, लागण्याची शक्यता नव्हे. ६९ पैकी ५ आणि २६ पैकी १ आकडा जुळायला हवा. गणित मांडून पाहिलं, तर २९,२२,०१,३३८ मध्ये एक संधी येते. प्रत्येक तिकिटाला, दर सोडतीला तेवढीच.

‘हमी’ असते ती विकलेल्या तिकिटांतूनच पहिलं बक्षीस काढतात तिथे, उदाहरणार्थ केरळच्या लॉटरीत. तिथेही हमी ‘कुणाला तरी’ लागण्याची, आपल्याला नाही.

शिवाय लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला आपल्या परकीय चलनाच्या नियमांत बंदीच आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका. वर्गणी दिली असेल, तर आजच परत मागा.