हॅकरला ऊन लागत नाही, सर्व्हरला लागतं

तुमचा आक्षेप असा, की एसी बंद पडणं हा इलेक्ट्रिशियनचा प्रश्न आहे, त्यात सायबर सुरक्षा घुसडून नागपूरच्या छोट्या हॉस्पिटलांना घाबरवू नका; हॅकरला काही ऊन लागत नाही. वाक्य झकास आहे, पण सर्व्हरला लागतं ना! 19 जुलै 2022 ला लंडनचा पारा 40 अंशांवर गेला आणि गाइज अँड सेंट थॉमस या हॉस्पिटल समूहाची दोन्ही डेटा सेंटर बसली. हल्ला कुणीच केला नव्हता, तरी सगळं सावरायला काही आठवडे लागले. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांचं कौतुकही नसतं.

खरा धोका दुरुस्तीच्या घाईत असतो. एक्स-रे वाचणारं एआय बंद, ओपीडी तुंबलेली, आणि व्हेंडर फोनवर म्हणतो, ‘एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) द्या, इथूनच बघतो.’ मग कायमचा पासवर्ड ठेवला जातो, फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारावर, रिमोट डेस्कटॉपचं (दुरून मशीन चालवायचं) 3389 पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडतं. मशीन सुरू होतं, पोर्ट उघडंच राहतं. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, इंटरनेटवर हेच चाचपत असतात. व्हेंडरला व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित खासगी रस्ता) आणि ओटीपीवालं, मुदतीचं खातं द्या, काम झालं की त्याच संध्याकाळी बंद करा.

सर्व्हर रूमला एसीऐवजी ‘कूलर चालतो की’ हे तुमचं म्हणणं मात्र मुळीच पटलं नाही. डेझर्ट कूलर दमट हवा आणि धूळ आत ओढतो, त्यानं कनेक्टर गंजतात. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंशांची हवी. दोन स्प्लिट एसी आलटून-पालटून चालवा. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं. जिन्याखालची बॅटरी ऐन मेमध्ये दगा देते, चालू बॅकअप अर्धवट तुटतो, आणि ते कळतं खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आल्यावर. म्हणून मार्चमध्येच, एरवी केबल काढून ठेवलेल्या डिस्कवरून दहा-वीस पेशंटचे स्कॅन दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून बघा.

लॉगही, म्हणजे कोण कधी आत आलं, काय केलं याच्या नोंदी, त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार ते 180 दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवायचं असतं.

राहिला एआयचा मुद्दा. उन्हाच्या लाटेत ताप आणि नाडी बऱ्याच पेशंटची चढते, त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या एआयकडून अलर्टचा पाऊस पडतो. कुणी एआयचं मॉडेल बिघडवलं का, हे बघायला इन्स्टॉल करतानाच त्याच्या फाइलचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून वेगळा लिहून ठेवा. शंका आली की पुन्हा काढा; तो जुळला तर फाइल तीच आहे. मग आत येणारी माहिती तपासा, आणि तीही ठीक असेल तर उन्हानं पेशंटचीच तब्येत बदललीय.