माझं पुरुमेंत

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या डिचोलीच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. अंगणात कोकमाची सोलं वाळत असतात, पडवीत मिरच्या, माडीवर फणसाचे पापड, आणि या सगळ्यावर कावळ्यांची राखण म्हणून बसवलेला मी. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा ‘प्रोव्हिमेंतु’ आम्ही बरणीत मुरवून ठेवला. पावसाळ्याची बेगमी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून सुके बांगडे आणि सुकी सुंगटं (कोळंबी) हवीत. बाजाराचा भरवसा नाही, म्हणून मिठातली तोरं (कैऱ्या), उकडे तांदूळ, डाळी. आई ६८ वर्षांची आहे आणि तिचं एकही पुरुमेंत आजवर वाया गेलेलं नाही.

मीही पुरुमेंत करतो. बारा महिने करतो. मी संगणकाच्या प्रोग्रामचे, म्हणजे कोडचे, तुकडे जमवतो.

आमच्या धंद्यात त्याला स्निपेट म्हणतात. चार ओळी, फार तर दहा. कुणीतरी शहाण्या माणसाने डोकं चालवून लिहिलेल्या, आणि आपल्याला पुढे कधी डोकं चालवावं लागू नये म्हणून आपण उचललेल्या. कॉपी-पेस्टची सोय ज्याने १९७० च्या दशकात संगणकावर आणली, तो लॅरी टेस्लर २०२० मध्ये वारला. माझ्या पगाराचा निम्मा वाटा खरं तर त्याच्या घरी जायला हवा होता.

जमवण्यात मी कुणाला हार जाणार नाही. ब्राउझरमध्ये खुणा करून ठेवलेली पानं आहेत. गिटहब या कोड साठवायच्या साइटवर गिस्ट, म्हणजे सुटी टिपणं, आहेत, सगळी खासगी, जणू कुणी चोरून नेणार आहे. ईमेलच्या मसुद्यांत स्वतःलाच लिहिलेली आणि न पाठवलेली पत्रं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, त्यात मी एकटाच सभासद, आणि तरी त्यातले निम्मे निरोप मी वाचलेले नाहीत. मोबाईलमध्ये स्क्रीनचे फोटो आहेत. कोडचा फोटो काढून ठेवणं म्हणजे जेवणाचा फोटो काढून भूक भागवणं, हे मला कळतं, तरी काढतो. भाचीच्या बारशाचे फोटो बघताना मध्येच पायथॉन या संगणकभाषेतलं एखादं फंक्शन येतं आणि आत्या विचारते, ‘हे कोण रे?’

फाइलींची नावं तर बघण्यासारखी आहेत. ‘कामाचं’. ‘कामाचं २’. ‘नक्की चालतं’. ‘नक्की चालतं नवीन’. ‘हे बघायचं’. शेवटच्या फाइलीत २०१४ पासूनचा माल आहे आणि नावाप्रमाणे तो अजून बघायचाच आहे.

एकट्या डिव्ह मधोमध आणण्याचेच माझ्याकडे सात प्रकार आहेत. वेब पानावरचा एक चौकोन बरोबर मध्यभागी बसवायचा, एवढंच काम. पूर्वी त्याला टेबलात कोंबायचे. मग उणे मार्जिन देऊन ओढून आणायचे. मग पन्नास टक्के ढकलून पुन्हा पन्नास टक्के मागे घ्यायचे, बस पार्किंगला लावताना कंडक्टर करतो तसं. मग फ्लेक्सबॉक्स आलं, ग्रिड आलं, आणि काम दोन ओळींचं झालं. त्या दोन ओळी पाठ व्हायला हरकत नव्हती. पण जमवलेलं असलं की पाठ कशाला करायचं? म्हणून मी दर वेळी नव्याने शोधतो आणि आठवा प्रकार जमवून परत येतो.

मशीन लर्निंगचा, म्हणजे मशीनला डेटावरून शिकवण्याचा, माल सगळ्यात नाशवंत. सुक्या बांगड्याला आई ऊन दाखवते, तो वर्षभर टिकतो. माझा २०१५ सालचा कोड काढून बघितला. साय-किट लर्न या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) तेव्हा डेटाचे दोन भाग करायचं फंक्शन क्रॉस-व्हॅलिडेशन नावाच्या मॉड्यूलमध्ये होतं. २०१६ मध्ये ते मॉडेल-सिलेक्शनमध्ये हललं आणि २०१८ मध्ये जुनं घर पाडूनच टाकलं. टेन्सरफ्लो या तशाच दुसऱ्या लायब्ररीची सेशनवाली तीस-एक पानं मी मन लावून जमवली होती. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि सेशन गेलं. पायथॉन २ चे प्रिंट तर कंसाशिवाय उघडेबोडके पडलेत. या सगळ्यांत एकच गोष्ट अजून ताजी आहे: रँडम स्टेट बरोबर ४२. हा आकडा दिला की दर वेळी डेटाची वाटणी तशीच होते. त्याजागी ७ चालतात, १०१ चालतात. पण सगळे ४२ घालतात म्हणून मीही घालतो. देवळात सगळे डावीकडून वळले की आपणही वळतो, तसं.

आणि जे टिकतं ते नेताना मोडतं. वर्डमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त पायथॉनला दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तारांकनांत सापडलेला मजकूर ठळक होतो आणि तारांकनं गायब. पीडीएफमधून आणलेल्या ओळींची समासाची जागा सरकलेली असते. अर्धा दिवस गेल्यावर कळतं की चूक लॉजिकमध्ये नव्हती, वाहतुकीत होती.

तर गेल्या जुलैची गोष्ट. वाड्यावरच्या मंडळाचे खजिनदार छत्री झटकत आले. ‘रे, ही वर्गणीची यादी तुझ्या त्या मशीनमधून तारखेप्रमाणे लावून दे. चवथीला महिना राहिला.’ सव्वाशे पावत्या होत्या. दहा मिनिटांचं काम म्हणून मी चहाही सांगितला.

पँडाज ही पायथॉनमधली लायब्ररी अशी यादी चुटकीसरशी वाचते. फक्त तिची समजूत अमेरिकन: आधी महिना, मग दिवस. आणि माझ्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती, जी प्रत्येक तारखेचा न्याय वेगळा करायची. त्यामुळे ५ जुलैला पैसे दिलेले लोक मे महिन्यात गेले. १२ जुलैवाले थेट डिसेंबरात. १३ जुलैपासूनचे मात्र आपापल्या जागी बरोबर. दुष्काळात तेरावा महिना आपल्याकडे येतो, अमेरिकेत नाही. म्हणून तेरा दिसले की ती मुकाट्याने दिवस समजते. खजिनदारांनी स्वतः ८ तारखेला दिलेली वर्गणी ७ ऑगस्टला पडली होती. ऑगस्ट अजून उजाडायचा होता.

‘म्हणजे मी अजून दिलीच नाही?’ खजिनदार म्हणाले.

याचा उपाय एका शब्दाचा आहे. तो माझ्याकडे होता. नक्की होता. मी ‘कामाचं’ उघडलं, ‘कामाचं २’ उघडलं, आणि ‘नक्की चालतं’ उघडणार तेवढ्यात वीज गेली. वीज गेली की आमच्याकडे राउटर जातो आणि पाठोपाठ मोबाईलची रेंजही. गिस्ट, ईमेल, खुणा केलेली पानं सगळी ढगात, आणि ढग सगळे आमच्या कौलांवर. भाची म्हणाली, ‘मामा, एआयला विचार ना, मी तेच करते.’ तिला रेंज दाखवली. मग ती चकली खायला बसली.

‘काय शोधतोस?’ आई कंदील पुसत आली.

‘एक ओळ.’

‘कुठे ठेवली होतीस?’

‘सगळीकडे.’

आई थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, ‘ते तुझे छापलेले कागद, त्यात असेल तर बघ.’

दोन वर्षांपूर्वी एकदा झटका येऊन मी निवडक स्निपेटांची चाळीस पानं छापून काढली होती. आईने विचारलं होतं, ‘कागद कामाचे आहेत का?’ मी म्हटलं होतं, ‘छे, सगळं कॉम्प्युटरात आहे.’ तेव्हा ते कागद तिने कामाला लावले. फडताळात प्रत्येक डब्याखाली आणि बरणीखाली एकेक पान. मग आम्ही चौघं कंदील घेऊन वाचत निघालो. तूरडाळीखाली फ्लेक्सबॉक्स. तोरांच्या बरणीखाली ईमेल पत्ता तपासण्याचं ते रेग्युलर एक्स्प्रेशन, जे अधिकचं चिन्ह असलेले खरे पत्तेही परत पाठवतं. सुक्या सुंगटांच्या डब्याखाली न्यूरल नेटवर्क, त्याला आता खरोखरच वास येत होता. खजिनदार एकेक पान उजेडात धरून विचारत होते, ‘ही काय?’

शेवटी सोलांच्या बरणीखाली ती सापडली. माझीच ओळ. टू-डेटटाइम, कंस, स्वल्पविराम, डे-फर्स्ट (म्हणजे ‘आधी दिवस’) बरोबर... आणि त्यापुढे बरणीच्या बुडाएवढा लाल गोल डाग. तिथे ट्रू (हो) होतं की फॉल्स (नाही), ते आगळाने, म्हणजे सोलांच्या रसाने, पिऊन टाकलं होतं.

सोळा वर्षं हे काम करतोय. पर्याय दोनच होते. मी फॉल्स घातलं.

यादी आली. खजिनदारांनी वाकून स्वतःचं नाव शोधलं, तारीख वाचली आणि आईकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, ऑगस्टच गो.’